गरम इंजिनाची तीन मिनिटं

मी एक जुनी जपानी गाडी आहे, मित्रांनो. दोन दारांची, बुटकी आणि वयाच्या मानाने जरा जास्तच नटलेली. नेरूळच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी कव्हरखाली उभी असते. गेले सात महिने माझं इंजिन सुरू झालेलं नाही. मुलं माझ्यावर दप्तरं टाकून क्रिकेट खेळायला जातात. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याचं वाटतं, ते सांगते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पुढे एका श्रीमंत माणसाने हौसेखातर मला जहाजाने मागवलं आणि मी न्हावा-शेव्याला उतरले. त्याची हौस दीड वर्ष टिकली. मग उलव्यात एका अर्धवट इमारतीखाली मी पाच वर्षं पडून होते. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. तिथे मला चंद्रशेखरने पाहिलं. तो वाशीतल्या एका ऑफिसात नोकरी करणारा साधा माणूस. चार लोक गावाकडे जमीन घेतात, याने मला घेतलं. नातेवाईकांनी त्याला वेड्यातच काढलं होतं.

मला उभं केलं ते मात्र कृष्णातने. तुर्भ्याला त्याचं एका शटरचं गॅरेज होतं. दोन वर्षं दर रविवारी हे दोघे माझ्याखाली पाठ टेकून पडलेले असायचे. एकेक भाग जपानहून यायचा आणि तो येईपर्यंत दोघे वाट बघत बसायचे. चंद्रशेखरला रंगाची घाई झाली की कृष्णात म्हणायचा, "शेखर, रंग नंतर. आधी पोट साफ करू दे तिचं." तोंडाचा फटकळ, पण त्याचा हात लागला की मला बरं वाटायचं.

त्याने मला मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारी चक्री. ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते आणि गाडी अशी सुटते की बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटते. पण ती चक्री लालभडक तापते. तापलेली असताना इंजिन बंद केलं, तर तिच्यातलं ऑइल जागच्या जागी जळून कोळसा होतं. म्हणून कृष्णातने बजावलं होतं, "घरी पोचलास की तीन मिनिटं नुसती चालू ठेवायची. मगच बंद. यात हयगय केलीस तर माझ्याकडे येऊ नको."

चंद्रशेखरने हे काम वडिलांना दिलं. सिताराम त्यांचं नाव, घरात सगळे अण्णा म्हणतात. बायको गेल्यापासून ते खाली खुर्ची टाकून नुसते बसलेले असायचे. म्हाताऱ्याला काहीतरी आपलं असं काम मिळेल, एवढाच मुलाचा हेतू. पाम बीच रोडवर फेरी मारून आला की तो म्हणायचा, "अण्णा, तीन मिनिटांनी बंद करा आणि चावी वर आणा."

अण्णांनी तीस वर्षं वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहिल्या होत्या. एखादा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा राहिला, की पाठीवर गोणी घेतलेल्यांच्या नाकातोंडात धूर जायचा. अण्णा केबिनवर थाप मारून आधी इंजिन बंद करायला लावायचे. उभी गाडी चालू ठेवणं त्यांना बघवत नसे. मुलाच्या मागे लिफ्टचं दार लागलं की ते खिडकीतून हात घालत. "उभ्या गाडीला कशापायी जाळायची?" असं पुटपुटत आणि चावी फिरवत. मग खुर्चीवर तीन मिनिटं बसून राहत आणि चावी वर नेत. माझा आतून कोंडमारा होई. तरी मला त्यांचा राग आला नाही, कारण वर जाण्याआधी ते मला फडक्याने मायेने पुसायचे.

वर्षभर हे असंच चाललं. एका रविवारी भररस्त्यात माझ्यातून निळा धूर निघाला. चक्री किंचाळून तुटली आणि तिचे तुकडे इंजिनात गेले.

मला ओढून सोसायटीत आणलं आणि कृष्णातने पार्किंगमध्येच उघडलं. बोटाला लागलेला काळा कोळसा त्याने पुढे धरला. "शेखर, ही गरम असतानाच बंद होत होती."

"शक्यच नाही. अण्णा असायचे ना." चंद्रशेखर वडिलांकडे वळला. "अण्णा, तुम्ही तीन मिनिटं थांबायचात ना?"

अण्णांनी त्या काळ्या बोटाकडे पाहिलं. "व्हय की. घड्याळ बघून."

आणि हातातलं फडकं ते उगाच माझ्या काचेवर फिरवू लागले. कृष्णातने ते पाहिलं. तो काही बोलणार, तोच चंद्रशेखर म्हणाला, "आता माझे वडील खोटं बोलतात म्हणणार का तू?"

कृष्णातने बोटाचा कोळसा पँटला पुसला. "नाही रे. माझ्याकडूनच ऑइलची नळी साफ करायची राहिली असेल."

चंद्रशेखरचं मन फार दुखावलं होतं. कृष्णातकडून नळी साफ करायची राहिली आणि इंजिन गेलं, एवढंच त्याने गाडीवेड्या मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं. शिवी नाही, आरोप नाही. पण या हौसेत लोक आपली गाडी फक्त विश्वासावर दुसऱ्याच्या हाती देतात. एकेकाने आपली गाडी दुसरीकडे नेली. चार महिन्यांत कृष्णातचं शटर खाली आलं. आता तो पनवेलला दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये गाड्या धुतो.

अण्णा रोज खाली येतात, कव्हर वर करून मला पुसतात. काल म्हणाले, "बाय माझे, मीच बंद करत हुतो तुला. त्या कृष्णाताचं वाटुळं झालं माझ्यापायी. पोराला कुठल्या तोंडानं सांगू?" तेवढ्यात चंद्रशेखर पान्हे घेऊन खाली आला. उद्या मला सुट्या भागांसाठी मोडायला नेणार आहेत.

"कुणाशी बोलताय, अण्णा?"

"कुणाशी न्हाई. गाडी पुसतोय."

चंद्रशेखर माझी नंबर प्लेट काढायला खाली बसला. अण्णा त्याच्या मागे उभे होते, अगदी हाताच्या अंतरावर. शेवटचा स्क्रू निघेपर्यंत ते उभे राहिले आणि मग वर गेले.

मित्रांनो, यंत्राला जसं जपायला सांगितलं असेल तसं जपा. तरीही चूक झालीच, तर ती आमच्यापाशी बोलू नका. आम्ही सगळं ऐकून घेतो, पण गेलेलं नाव आम्हाला कुणाला परत देता येत नाही. ते तुम्हालाच द्यावं लागतं, आणि तो माणूस पनवेलला आहे.