पडण्याचा सराव

माणसं उभं राहायला शिकतात, पळायला शिकतात. पण सकाळी लवकर उठून पडायला शिकणारी मुलगी ताईनं पहिल्यांदाच पाहिली. ताई म्हणजे बास्केटबॉल संघाची कप्तान. तिला सगळे ताईच म्हणत, वयानं मोठी असलेली मसाजवालीसुद्धा. त्या दिवशी दुखरा खांदा शेकायला ती लवकर आली, तर रिकाम्या हॉलमधून धप्प, धप्प आवाज येत होते. पातळ गादी अंथरून नवी मुलगी एकटीच मागे पडत होती. पाय रोवायचे, हात छातीशी घ्यायचे, हनुवटी गळ्याला लावायची आणि द्यायचं अंग सोडून. मग उठून पुन्हा तेच.

"अगं, बॉल टाकायला आलीस की लोळायला?" ताईनं विचारलं.

"बॉल टाकण्यात माझी बोंबच आहे ना ताई," ती घाम पुसत म्हणाली. "म्हटलं, दुसरं काहीतरी तरी येऊ दे."

ताईला हसूच फुटलं.

या मुलीचं नाव तोवर मुंगी पडलंच होतं. उंची बेताची, अंगावर मांस नाही, आणि क्षणभर स्वस्थ बसेल तर शपथ. बाकीच्या बाकावर टेकल्या की ही बॉल गोळा करी, फरशीवर सांडलेला घाम पुसून काढी. संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघी झटत होत्या. दुसरी होती तोफ. तिचा नेम असा, की बॉल रिंगला न शिवता जाळीतून जाई. सरांनी सांगून टाकलं होतं, दुसऱ्या एका क्लबाशी सरावाचा सामना होईल. त्यानंतर एक राहील, एक घरी जाईल.

सामन्याला मुंगीची आई आली. ती कपडे शिवायची, आणि घाईत गळ्यातली टेप काढायचीच विसरली होती. बास्केटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मुलगी रोज अंगावर काळेनिळे डाग घेऊन घरी येते, एवढं मात्र नीट कळत होतं.

तोफेनं सुरुवातीपासूनच धडाका लावला. मुंगीला सरांनी अगदी शेवटी उतरवलं, तेही एकीचा पाय मुरगळला म्हणून. तिनं टाकलेला एकुलता एक बॉल रिंगवर आपटून बाहेर आला. ताईनं मनातल्या मनात तिची बॅग भरून टाकली.

सामना संपत आला तेव्हा ताईचा संघ एका गुणानं पुढे होता. तेवढ्यात समोरची सगळ्यात धिप्पाड मुलगी बॉल घेऊन सुटली. वाटेत एकटी ताई. काय करायचं ते तिला पाठ होतं. आधीच जागा धरून उभ्या असलेल्या खेळाडूवर कोणी येऊन आदळलं, तर चूक आदळणाऱ्याची; जाळीत गेलेला बॉलही मग धरत नाहीत. फक्त ती धडक छातीवर घ्यावी लागते. अशाच एका धडकेत वाकडी पडून ताईचा खांदा निखळला होता. तेव्हापासून ती थोडी आधीच बाजूला सरकायची, आणि तेही इतक्या सफाईनं, की सरांनाही कधी संशय आला नव्हता.

आताही ती सरकली. आणि तिच्या रिकाम्या जागी मुंगी येऊन उभी राहिली. पाय रोवलेले, हात छातीशी. ती धिप्पाड मुलगी सगळ्या वजनानिशी येऊन आदळली. मुंगी मागे पडली, पाठीवर घसरत पार भिंतीपर्यंत गेली. बॉल जाळीत गेला होता. पण पंचांची शिट्टी वाजली: चूक आदळणारीची, बास्केट रद्द.

पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. मुंगी उठली आणि आधी फरशीवरचा आपलाच घाम पुसू लागली. ताईला लाज वाटली, पण त्या मूठभर पोरीचं कौतुक लाजेहून मोठं होतं. सामना जिंकल्यावर तिनं मुंगीला बाजूला घेतलं.

"मी सरकणार हे तुला कसं कळलं गं?"

मुंगी चाचरली. "रागावू नका ताई. तुमचा खांदा दुखतो, म्हणून तुम्ही नेहमीच सरकता. तिथं कुणीतरी उभं राहायला हवं ना? म्हणून तर पडायला शिकले."

ताई थेट सरांच्या खोलीत गेली. सर तोफेच्या नेमाचे गोडवे गात होते.

"नेमबाज आपल्याकडे पुष्कळ आहेत, सर," ती म्हणाली. "धडकेच्या वेळी मी बाजूला होते, वर्षभर होतेय. तुम्हाला दिसलं नाही, त्या पोरीला दिसलं. आणि तिनं चहाडी नाही केली, माझी जागा भरून काढली."

"तुझ्याशी मी उद्या बोलतो," सर म्हणाले, आणि कपाटातून उरलेली जर्सी काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली.

बाहेर मुंगीची आई मुलीची बॅग पोटाशी धरून बसली होती. ताईला पाहताच धडपडत उठली.

"काढलं ना हो तिला? पडली म्हणून?"

"नाही हो मावशी. पडली म्हणूनच ठेवलं." ताईनं जर्सी पुढे केली. "मोठी होईल तिला. जरा आत घ्याल?"

आईनं ती उलटसुलट करून पाहिली, डोळे पुसले, आणि पुन्हा कापड बोटांत धरून पाहिलं.

"आत घेते," ती म्हणाली. "आणि पाठीला दुहेरी कापड लावते."