दोन बोटं आखूड पाय

उचगावच्या माळावर त्या रविवारी लिंबाच्या फांद्यांना पानांइतक्याच कुबड्या लटकत होत्या. आकाराम महाराजांच्या मांडवातून जो आपल्या पायानं चालत निघाला, त्यानं कुबडी झाडाला बांधून जायची, असा रिवाज पडला होता. वाऱ्यावर एकमेकींवर आपटणाऱ्या त्या काठ्यांचा कोरडा आवाज ऐकत पाचसहाशे माणसं पाळीची वाट बघत बसली होती.

त्या गर्दीत वर्षाराणीही होती. शिवाजी पेठेतल्या हायस्कुलात ती विज्ञान शिकवी, आणि तरीही होती. तिच्या खांद्यावर धाकट्या भावाचा, ऋतुराजचा हात होता; त्याच्या दुसऱ्या काखेत कुबडी होती. पेठेच्या फुटबॉल संघाचा तो आघाडीचा खेळाडू. सात आठवड्यांपूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्यातला तुटलेला बंध, म्हणजे लिगामेंट, काढून डॉक्टरांनी नवा बसवला होता. तो रुजायला नऊ महिने लागतील, तोवर घरीच, हळूहळू, असं त्यांनी बजावलं होतं.

आणि घरी ते चाललंही होतं. रोज सकाळी वर्षाराणी त्याच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवी. तो ती दाबून धरी, ती दहापर्यंत मोजी. मग टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घालून टाच फरशीवरून मागे ओढायची. ती जिथवर येई तिथे वर्षाराणी खडूची रेघ मारी. दोन रेघांमध्ये कधी गव्हाच्या दाण्याएवढं अंतर पडे, कधी तेवढंही नाही. पण आता त्या रेघा वीतभर सरकल्या होत्या.

वडिलांना, विजयसिंहांना, हा पोरखेळ वाटे. त्यांचं तारुण्य तालमीच्या मातीत गेलेलं, आणि तिथली समजूत साधी होती: कळ आहे तोवर अंग कच्चं, कळ थांबली की अंग तयार. "फरशी पुसून पैलवान उठत न्हाय," ते म्हणत. हंगाम महिन्यावर आला, तेव्हा त्यांनीच पोराला उचगावला आणलं.

महाराज लठ्ठ, हसतमुख आणि बोलघेवडे होते. "पावणं, पाय मोडत न्हाय, रुसतो," ते सांगत. "एक्स-रेत हाडं दिसत्यात. रुसवा दिसतोय व्हय?" लोक हसले. ऋतुराजला खुर्चीत बसवून महाराजांनी त्याच्या दोन्ही टाचा तळहातांवर उचलल्या आणि लोकांना दाखवल्या. डावा पाय चक्क दोन बोटं आखूड होता. मग ते पुटपुटू लागले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो पाय वाढत वाढत उजव्याला येऊन मिळाला.

वर्षाराणीनं ते स्वतः पाहिलं. कसं झालं ते तिला सांगता येईना, आणि सांगता येईना म्हणून ती गप्प बसली. आयुष्यभर तिला सलत राहणार होतं ते हे मौन.

पाठोपाठ पेलाभर थंडाई आली. तालमीच्या पोरांना ती आईच्या दुधासारखी; कोण शंका घेणार? तासाभरात ऋतुराजची कळ गेली. तो मांडवाभोवती धावला. विजयसिंहांनी रडत रडत कुबडी झाडाला बांधली, आणि घरी राहिलेल्या बायकोसाठी, झुंबरबाईंसाठी, थंडाईचा वाटा बाटलीत भरून घेतला.

मंगळवारी सरावात ऋतुराज चेंडूमागे वळला आणि खाली बसला. नवा बंध तुटला होता. दुसऱ्या शस्त्रक्रियेनं चालणं सुधारेल, डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी खिडकीकडे बघत पुरं केलं.

दवाखान्यातून आणल्यावर त्याला खाटेवर वळवताना वर्षाराणीनं त्याच्या दोन्ही टाचा ओंजळीत धरल्या. पाय जरा उजवीकडे झुकले, आणि डावी टाच दोन बोटं मागे राहिली. तिनं पाय सरळ केले, टाचा जुळल्या. पुन्हा झुकवले; पुन्हा आखूड. कंबर जागच्या जागी, पाय तिरके, एवढंच. जे ती मुलांना फळ्यावर शिकवू शकली असती, ते तिला भावाचा गुडघा गेल्यावर कळलं.

आईनं न प्यालेली बाटली फ्रिजमध्ये तशीच होती. रसायनशास्त्राच्या ओळखीच्या प्राध्यापकांनी ती तपासून घेतली. बदाम, बडीशेप, आणि कुटून घातलेल्या वेदनाशामक आणि स्टिरॉइडच्या गोळ्या. कळ मारली होती. जखम तशीच होती.

पुढच्या रविवारी तिघं पुन्हा माळावर गेली. महाराजांनी आधीच सांगून टाकलं की पोरानं पथ्य मोडलं असणार. त्यांची माणसं पुढं सरसावली, तेव्हा विजयसिंह आडवे उभे राहिले. "माझ्या पोरीला बोलू द्या," एवढंच ते म्हणाले, आणि त्या जुन्या पैलवानाला हात लावायचं कुणाला धाडस झालं नाही.

"माझाच पाय धर, आक्का," ऋतुराज खुर्चीत बसत म्हणाला.

तिनं टाचा उचलल्या. पाय आखूड केला, लांब केला, पुन्हा आखूड केला. हात कसे सरकतात तेही सावकाश दाखवलं. मग तपासणीचा कागद वाचला. गर्दीतला एक म्हातारा ओरडला, देवाची परीक्षा बघू नये. ती म्हणाली, देवाची नव्हे, पेल्याची बघितली.

पहिल्या रांगेत शिरोली एमआयडीसीतला पिराजी बसला होता. फाउंड्रीत साचा पडून त्याचा घोटा मोडलेला. प्लास्टर कालच निघालेलं. थंडाईचा पेला त्याच्या हातात होता.

"कामावर जायाचं हाय मला," तो ऋतुराजकडे बघत कसनुसा होऊन म्हणाला. "आन् तू? तू परत खेळशील की."

विजयसिंहांनी मान वळवली. घरात हा प्रश्न इतके दिवस कुणी उच्चारला नव्हता.

"न्हाय," ऋतुराज म्हणाला. "मी न्हाय खेळणार. तुमचा घोटा अजून हाय, दादा. डाक्टर सांगतील तेवढंच हलवा, दुखलं की थांबा आन् का दुखतंय ते इचारा. लई दिवस लागतील. जो एका दिवसात बरं करतो म्हणतोय, त्याला आधी इचारा, पेल्यात काय घातलंस."

पिराजीनं पेला जमिनीवर ठेवला. मागच्या रांगेतले काही जण उठले. बरेच बसून राहिले.