सोड्याचा कप

शुक्रवारी जेवणानंतरच्या तासाला कॅन्सर आणि एड्स शिकवणं ही शिक्षाच होती, आणि कनकाबाई ती एकोणीस वर्षं भोगत होत्या. समोर कॉमर्स, इतिहास, गणित अशी जिथूनतिथून गोळा झालेली बासष्ट मुलंमुली. या ऐच्छिक विषयात कोणी नापास होत नाही, एवढ्या एका ख्यातीवर त्यांनी तो घेतलेला. बाहेर चेन्नईचं ऊन, आत पंखे नुसते गरगरणारे. कनकाबाई फळ्यावर एक पेशी काढायच्या, मग दुसरी, मग ढीगभर, आणि म्हणायच्या, "ही पेशी थांबायचं विसरली." पूर्वी हे वाक्य म्हणताना त्यांच्या आवाजात जीव असायचा. हल्ली ते तोंडातून आपोआप पडायचं.

नोट्सही त्याच. दोन हजार सहा साली रात्रंदिवस खपून काढलेल्या. दरवर्षी 'यंदा बदलू' म्हणायचं, आणि दरवर्षी पेपर तपासणी, समितीच्या फायली, सासूबाईंचं दुखणं असं काहीतरी आडवं यायचं. खरं सांगायचं तर आडवं काही आलं नसतं तरी बाईंनी त्या बदलल्या नसत्या. कंटाळल्या होत्या, दुसरं काही नाही.

एका तासाला मात्र वर्ग खडबडून जागा व्हायचा. तो कपांचा तास. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा एक प्लॅस्टिकचा कप. एकाच कपात धुण्याचा सोडा विरघळवलेला, पण दिसायला तेही पाणीच. मुलांनी वर्गात फिरून तिघांशी पाण्याची अदलाबदल करायची: थोडं याच्या कपात ओतायचं, थोडं त्याचं घ्यायचं. मग बाई प्रत्येक कपात औषधाचे दोन थेंब टाकायच्या. ज्याच्यापर्यंत सोडा पोचला त्याचं पाणी गुलाबी, म्हणजे त्याला एड्सची लागण. एकाचे आठ व्हायचे. मग कोणी कोणाशी अदलाबदल केली ते मागे मागे शोधत मूळचा कप कोणाचा होता ते पकडायचं. या शोधाशोधीत पोरांना असा काही चेव यायचा की विचारू नका.

सोड्याचा कप ज्याला द्यायचा त्याला बाई आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलावून पढवून ठेवायच्या. यंदा त्यांनी तेवढाही त्रास घेतला नाही. कारण यंदा वर्गात रंजनी होती.

रंजनी कॉमर्सची, दुसऱ्या बाकावरची, एकोणीस वर्षांची, विचारल्याशिवाय न बोलणारी. जुलैत एकदा व्हरांड्यात ती फोनवर आजोबांना म्हणत होती, "ताता, जेवलांत की? औषध घेतलं म्हणून सांगा बघू." बाई जागीच थबकल्या. तंजावरची मराठी! पुण्याहून आलेली माणसं ऐकून भुवया उंचावतात ती, बाईंच्या माहेरची. तेव्हापासून जाता-येता दोघी दोन शब्द बोलायच्या, आणि आठवडाभराच्या शिणात बाईंना तेवढंच बरं वाटायचं.

तर त्या शुक्रवारी भर वर्गात, साठ जणांच्या देखत, बाईंनी कप तिच्या हातात दिला आणि हसत मराठीत म्हणाल्या, "हा तुझा. कोणाला सांगू नको हं. कोणी विचारलं तरी तोंड उघडायचं नाही." कोणाला काही कळलं नाही. बाई स्वतःच्या हुशारीवर खूश झाल्या.

आठ कप गुलाबी झाले. वर्गाने पोलिसांसारखा माग काढला आणि साठ गळ्यांतून एकदम आरोळी उठली, "रंजनी!" तिच्या शेजारच्या मुलीने गमतीने बाक करकर ओढून लांब नेला. सगळे हसले, बाईही हसल्या. मग त्यांनी दरवर्षीचं वाक्य टाकलं, "बघा, चेहऱ्यावरून कळलं का?"

त्या दिवसापासून रंजनी कॉलेजात आली नाही.

तीन आठवडे गेले. हजेरी कमी पडलेल्यांची यादी निघाली, त्यात तिचं नाव. यादीवर सोमवारी सही झाली की तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं. कॉमर्सच्या वर्गशिक्षकांनी सांगितलं की मुलीने कॉलेज सोडल्याचा दाखलाच मागितलाय. कारण विचारलं तर गप्प. बाईंनी चार वेळा फोन लावला, चारही वेळा तो वाजून बंद झाला. आपल्या माणसांची पोर, वर्ष फुकट घालवते म्हणजे काय! बाईंना रागच आला. शनिवारी दुपारी पाय ओढत त्या गुम्मिडिपूंडीच्या गाडीत बसल्या आणि एन्नोरला उतरल्या.

पत्ता हातात असूनही रंजनीचं घर सापडायला अर्धा तास लागला. दारात एक म्हातारे गृहस्थ दोरीवरचं धोतर झटकून त्यावर बसलेली जवळच्या वीजकेंद्राची राख पाडत होते. हे राघोत्तमराव, रंजनीचे आजोबा, बंदरातले निवृत्त कारकून. बाईंनी नाव सांगितलं तसे ते धोतर हातात धरूनच उभे राहिले.

"यावं, बसावं," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी स्वतःच कॉफी करून आणली. बाईंच्या हातात टंबलर दिला आणि समोर न बसता हात जोडून उभे राहिले. "दाखला आणलांत की? आम्हीं मुकाट्यानें घेऊन जातों बाई. वाद करीत नाहीं. मात्र त्यांत कारण लिहूं नका."

"कसलं कारण?"

"तुम्हांस सगळें ठाऊक झालें म्हणून पोर सांगते. झालें तें झालें. माझा मुलगा त्याच दुखण्यानें गेला, मागोमाग सून गेली. हिच्या रक्तांत तें जन्मतांच आलें. हिचा काय दोष? रोज रात्रीं गोळी घेते, एक दिवस चुकत नाहीं. गुम्मिडिपूंडीस लोकांना कळलें तेव्हां घर सोडावें लागलें. आतां या वयांत पुन्हां घर हुडकणें मला होत नाहीं."

बाईंनी टंबलर खाली ठेवला. आतल्या दाराशी रंजनी येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

कनकाबाईंना काहीएक ठाऊक नव्हतं. कॉलेजात कोणालाच नव्हतं. ठाऊक झालं ते आत्ता, या टंबलरसोबत. 'मला माहीत नव्हतं' म्हणावं, तर म्हाताऱ्याने इतकी वर्षं जिवापाड जपलेलं आज स्वतःच्या तोंडाने सांडलं असं होणार. 'माहीत होतं' म्हणावं, तर पोरीला वाटतंय तेच खरं ठरणार की बाईंनी जाणूनबुजून, सगळ्यांसमोर, तिच्याच हातात तो कप दिला. बाईंना वाटलं, उठावं आणि निघून जावं. खोटं बोलणं सोपं होतं आणि म्हातारा समोर हात जोडून उभा होता. पण पोर एकटक बघत होती.

"मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "कॉलेजात कोणालाच माहीत नाही."

राघोत्तमराव खाली बसले. त्यांनी नेसत्या धोतराचा सोगा तोंडाशी धरला.

"मग मलाच का दिला?" रंजनीने विचारलं.

"तू आपली म्हणून. मराठीत सांगितलं तर कोणाला कळणार नाही म्हणून." बाई थांबल्या. "आणि आदल्या दिवशी कोणाला बोलावून सांगायचा कंटाळा आला म्हणून."

हे तिसरं कारण सगळ्यात खरं होतं आणि त्याचीच सगळ्यात लाज वाटली.

"शाळेत जाताना, कोणाच्या लग्नाला जाताना ताता हेच सांगतात," रंजनी म्हणाली. "कोणाला सांगू नको. मराठीत. कॉलेजात तरी ते ऐकू येत नव्हतं. तिथं मी नुसती कॉमर्सची होते." ती दाराला टेकली. "आणि मॅम, तो ग्राफ."

कोणता ग्राफ हे विचारायची गरज नव्हती. निळी रेघ पांढऱ्या पेशींची, उतरत जाणारी. लाल रेघ विषाणूची, चढत जाणारी. खाली लागण झाल्यापासूनची वर्षं, दहापर्यंत. दहाच्या पुढे बाई ठसठशीत अक्षरांत लिहायच्या: मृत्यू.

"मी वहीच्या लास्ट पेजवर वजाबाकी केली," रंजनी म्हणाली. "तुमच्या ग्राफप्रमाणे मी पाचवीत असताना मेले."

ती हसली नाही.

"माझ्या रक्तात आता व्हायरस सापडत नाही मॅम, इतका कमी आहे. डॉक्टर म्हणतात, शिक, नोकरी कर, लग्न कर, मुलं होऊ दे, त्यांना लागू नये म्हणून उपाय आहेत. हे तुम्हाला माहीत नव्हतं की?"

"माहीत होतं."

"मग?"

"नोट्समध्ये घातलं नाही."

"का?"

मघाशी एकदा दिलेलं उत्तर पुन्हा द्यायचं धैर्य बाईंना झालं नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. पंधरा वर्षं त्या हे वाचत आल्या होत्या, परिषदांना जाऊन ऐकत आल्या होत्या, तिथला चहा पिऊन घरी येत होत्या. फळ्यावर मात्र दरवर्षी दहापाशी माणूस मारत होत्या.

"तू ये," त्या शेवटी म्हणाल्या. "यादीतून नाव मी काढवते. कप फेकून देते. तो तास मी नव्याने लिहिते, तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी नको," रंजनी म्हणाली. "मला ठाऊक आहे ते सगळं. मी रोज गोळी घेते. एकोणीस वर्षं शिकवता म्हणता मॅम, माझ्यासारखं दुसरं कोणी त्या वर्गात बसलंच नसेल म्हणून वाटतं की तुम्हाला?"

राघोत्तमरावांनी मान वर केली. पोर एवढं बोलू शकते हे त्यांनाही नवीन असावं.

"येईन मी," ती म्हणाली. "परीक्षा द्यायची आहे मला. मात्र वर्गात माझ्याशी मराठी बोलू नका."

बाईंनी मान हलवली. ते त्यांना फार लागलं, पण तक्रार करायला जागा नव्हती. कॉफी तशीच ठेवून त्या निघाल्या.

स्टेशनवर गाडीला वीस मिनिटं होती. बाई बाकावर बसल्या आणि रंजनीचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. वर्षाला साठ, एकोणीस वर्षं. दरवर्षी सत्राच्या मध्यावर एक-दोघं येईनाशी व्हायची. बाई हजेरीपटात त्यांच्या नावावर लाल रेघ ओढायच्या. विषय झेपला नसेल, म्हणायच्या.

मग एक आठवला. दोन हजार अकरा, नाहीतर बारा. इतिहासाचा मुलगा, कार्तिकेय. अक्षर इतकं सुरेख की त्याची वही त्या दुसऱ्यांना दाखवायच्या. ग्राफच्या तासानंतर तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला होता. "मॅम," त्याने विचारलं होतं, "दहा वर्षं हे नक्की असतं का? पुढे काहीच नाही?"

बाई पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या, "सरासरी असते ती. परीक्षेत दहाच लिही."

"थँक यू मॅम," म्हणून तो गेला होता. तो परीक्षेला बसला होता की नाही, हे गाडी येईपर्यंत आठवूनही त्यांना आठवलं नाही.