लोकरीची पट्टी

जेवणाच्या टेबलावर लोकरीचे नऊ गोळे होते, सुयांचे चार जोड, एक मोजपट्टी आणि भौतिकशास्त्राची एक कोरी वही. टेबलापलीकडे बाबांचे दोन हात. डावा चहाचा कप उचलत होता. उजवा मांडीवर पडून होता.

“छंदातून प्रयोग निवडा म्हणे,” बुटकी म्हणाली. घरात सगळ्यांत उंच तीच, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. “वर्गात एकाने गिटार घेतलीय, एकीने सायकल. मी काय, मोजे घेऊन जाऊ?”

“ने की. वास मोजायचं एकक तुझ्या नावाने निघेल,” बाबा म्हणाले.

बाबा पुस्तकं बांधायचे. सव्वीस वर्षं एकाच दुकानात त्यांनी पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवले. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा हलका झटका आला. बोलणं पंधरा दिवसांत पूर्ववत झालं, पाय महिन्याभरात. उजव्या हाताने मात्र काही मनावर घेतलं नाही. व्यायामासाठी मिळालेला रबरी चेंडू त्यांनी कपाटावर भिरकावला होता. “मी काय रांगतं बाळ आहे?” आणि कालच त्यांनी जाहीर केलं होतं, की पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत हात वळला नाही, तर हत्यारांचा डबा दुकानातल्या सोबत्याला देऊन टाकायचा. डबा दाराशी ठेवलेला. आई तो दिवसातून दोनदा आत नेऊन ठेवायची, बाबा डाव्या हाताने पुन्हा बाहेर.

बुटकीने दोन संध्याकाळी बसून एक पट्टी विणली. दोन सुलट, दोन उलट, वीस सेंटिमीटर लांब. शाळेतून वजनं आणून खिडकीच्या गजाला पट्टी टांगली. शंभर ग्रॅमला ती १.२ सेंटिमीटर लांबली, दोनशेला २.४, तीनशेला ३.६. आलेखावर सरळ रेघ आली, तशी ती स्वतःवरच खूश झाली.

“बाबा, फर्म्याचा टाका घट्ट बसायला किती ओढ लागते?”

“ते मोजत नाहीत. हाताला कळतं.”

“माझ्या वहीला हात नाहीत.”

बाबांनी डबा उघडायला लावला. मेण लावलेला दोरा डब्यातल्या एका फर्म्यातून ओवून तिने पट्टीच्या टोकाला बांधला, आणि बाबांनी दुसरं टोक डाव्या हाताने ओढलं. टाका बसला तेव्हा पट्टी ४.२ लांबली होती. साडेतीनशे ग्रॅमच्या वजनाइतकी ओढ. “सैल टाक्याचं पुस्तक वाचणाऱ्याच्या मांडीवर पानं गाळतं,” ते स्वतःशीच म्हणाले.

“आता उजव्याने. वहीसाठी हं.”

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग बोटं पट्टीच्या टोकात अडकवली. २.४. दोनशे ग्रॅम.

त्या दिवसापासून पट्टी गजालाच राहिली. येता-जाता बाबा ओढायचे. शाळेतून आली, की तिला आकडा तयार मिळायचा: तीन, साडेतीन, पावणेपाच. चौथ्या आठवड्यात पट्टी सहा सेंटिमीटर लांबली. पाचशे! बाबांनी दुकानमालकाला फोन केला, “सोमवारी येतो.” आई म्हणाली, “लोकरीपुढे डॉक्टर हरले बाई,” आणि डोळे पुसायला उगाच स्वयंपाकघरात गेली.

शुक्रवारी भौतिकशास्त्राच्या मॅडमनी आलेख बघितला. “सुरेख. पट्टीला वजनं पुन्हा कधी टांगलीस?”

“पहिल्याच दिवशी टांगली होती ना.”

मॅडमनी तिच्या स्वेटरच्या कोपराकडे बोट दाखवलं. तिथे फुगा आल्यासारखी लोकर लोंबत होती. वापरून वापरून वीण सैल होते, हे विणणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. तिलाही होतं. पण प्रयोग करताना ती विणणारी राहिली नव्हती.

घरी येऊन तिने वजनं टांगली. शंभर ग्रॅमला पट्टी आता दोन सेंटिमीटर लांबत होती. सहा म्हणजे तीनशे.

बाबा आतल्या खोलीत डाव्या हाताने दाढी करत होते, शीळ घालत. आपण गप्प बसलो तर? मॅडमशिवाय कोणाला कळणार? पण सोमवारी दोऱ्याला कळेल, तेही सगळ्या दुकानासमोर. ती दारात जाऊन उभी राहिली.

“बाबा, माझं चुकलं. पट्टी सैल पडलीय. तुमची ओढ पाचशे नाही, तीनशेच आहे.”

शीळ थांबली. अर्ध्या गालावर फेस तसाच. वस्तरा खाली ठेवून ते पलंगावर बसले आणि त्यांनी उजवा हात मांडीवर उचलून ठेवला.

“म्हणजे लोकर बरी झाली, मी नाही.”

“मी आधीच बघायला हवं होतं.”

“दोनशे मोजले, तेव्हा पट्टी नवी होती?”

“हो. ते खरं होतं.”

“आणि तीनशे आजचं?”

“आत्ताचं.”

“मग शंभर तर माझे झाले ना, बुटके? ते कोणी काढून घेत नाही.” त्यांनी गालावरचा फेस तिच्या नाकाला लावला. “मालकांना सांगतो, सोमवार नाही. पण महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत. रोज आधी तू वजनं टांग, मग मी ओढतो. नाहीतर तुझी पट्टी मला पहिलवान करून सोडेल.”

आईने डबा आत आणला. या वेळी बाबांनी तो बाहेर ठेवला नाही; टेबलावर, लोकरीच्या गोळ्यांशेजारी राहू दिला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बुटकीने आधी वजनं टांगून नवी रेघ काढली. बाबा खुर्चीत ताठ बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात. पाच वेळा ओढायचं ठरलं. प्रत्येक ओढीनंतर मिनिटभर विश्रांती, कोणी कोणाशी बोलायचं नाही.

तिने वहीत लिहिलं:

टाक्याला लागणारी ओढ: ३५० ग्रॅम.

उजवा हात: ३२०, ३६०, ३४०, ३३०, ३५०. सरासरी ३४० ग्रॅम, अधिक-उणे २०. म्हणजे ३२० ते ३६०; ३५० त्यात बसतं.