राखणदाराची जागा

आमच्या खोऱ्यात मेलेला माणूस कधी एकटा पडत नाही. दफनभूमीच्या फाटकाशी राखणदार उभा असतो. नव्याने आलेल्याचा हात धरून तो त्याला आत नेतो, त्याची जागा दाखवतो, शेजारपाजाऱ्यांशी ओळख करून देतो. दफनभूमीत ज्याला सगळ्यांत आधी पुरतात, तो तिथला राखणदार. त्याचं शरीर कुजत नाही, त्याचा डोळा लागत नाही आणि जगबुडीपर्यंत त्याला सुट्टी नाही.

चर्चभोवतालच्या जुन्या दफनभूमीचा आमचा राखणदार म्हणजे ओद्दुर. एका लग्नाहून झिंगून परतताना तो घोड्यावरून ओढ्यात पडून गेला. ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं. त्यामुळे ‘उभा असतो’ हे आम्ही आदरापोटी म्हणतो.

तरीही आम्हाला ओद्दुरचा अभिमान आहे, कारण अभिमान बाळगावा असं आमच्याकडे दुसरं फारसं काही नाही. शेजारच्या खोऱ्यात हजार वर्षांपूर्वी तीन खून आणि एक जाळपोळ झाली. त्यावर त्यांचं हॉटेल चालतं, संग्रहालय चालतं, उन्हाळ्यात बसगाड्या येतात. आमच्या पूर्वजांनी कोणाला मारलं नाही. त्याची शिक्षा आम्ही अजून भोगतो आहोत.

जुनी जागा भरली. आता तिथे खणायचं म्हणजे कोणाच्या तरी आजोबांची माफी मागूनच. म्हणून चर्चच्या समितीने ओढ्यापलीकडचा तुकडा घेतला, त्याला दगडमातीचं कुंपण घातलं, आणि बिशपबाईंनी येऊन तो पवित्र केला. समितीचा अध्यक्ष केटिल. त्याचं पाहुण्यांसाठीचं घर आहे आणि त्यात पाहुणे नाहीत. चिटणीस मी. माझी शाळा बंद पडल्यापासून मास्तरांना वेळ असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जागा तयार झाली आणि तिथे कोणी जाईना.

“माझ्या आईने आयुष्यभर गोठ्यात काढलं,” एक मुलगा मला म्हणाला, “आता तिला कायमच्या रात्रपाळीला लावू काय?” आणि त्याने आईला जुन्या जागेतच तिच्या नणंदेला खेटून पुरलं. दोघींचं तीस वर्षं बोलणं नव्हतं.

असंच आणखी दोघा-तिघांनी केलं. मग एका रविवारी, प्रार्थना संपल्यावर सभागृहात कॉफी चालू असताना, सिग्वातुरने कप खाली ठेवला.

“मी जातो,” तो म्हणाला.

“कुठे?” पाद्रीणबाईंनी विचारलं. त्यांच्याकडे पाच चर्चं आहेत, त्यामुळे आपण कुठल्या गावात आहोत हे त्यांना जरा उशिरा आठवतं.

“ओढ्यापलीकडे. राखणदार म्हणून.”

सिग्वातुर आमचा डोंगरराजा. शरदात डोंगरावर विखुरलेल्या सगळ्या मेंढ्या हाकून खाली आणणाऱ्या पथकाचा तो प्रमुख, आणि धुकं असो की हिमवादळ, त्याने कधी एक मेंढी मागे ठेवलेली नाही. नव्वदीला टेकल्यावर घोडा सोडला, राजेपद सोडलेलं नाही.

“माणसं काय, मेंढ्यांपेक्षा सोपी,” तो म्हणाला. “मेलेली तर पळतही नाहीत.”

टाळ्या पडणारच होत्या. तेवढ्यात खिडकीशेजारून आवाज आला.

“मेंढ्यांना तू शिट्टी मारतोस, सिग्वातुर. माणसांनाही मारणार का?”

ही थुरीदुर. आमची सुईण. खोऱ्यात दवाखाना कधीच नव्हता, थुरीदुर होती.

“या खोलीत बसलेल्या निम्म्या लोकांचं डोकं जगात पहिल्यांदा मी धरलंय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “याचे पाय. पायाळू आहे. म्हणून समितीचे ठराव उलटे लिहितो.”

लोक हसले. मीही हसलो. तिच्यासमोर दुसरा पर्याय नसतो.

“तू बोलतेस फार,” सिग्वातुर म्हणाला. “मेलेला माणूस दमून येतो. त्याला जरा निवांत हवं.”

“आणि तू बोलतच नाहीस. तुझ्या बायकोला वर्षभर वाटत होतं, तू मेलायस आणि तिला कोणी कळवलं नाही.”

“बघू. आधी कोण जातं ते.”

“बघ की. माझं हृदय तुझ्यापेक्षा खराब आहे,” थुरीदुर म्हणाली, आणि हे ती ज्या ताठ मानेने म्हणाली, त्या ताठ मानेने आमच्याकडे लोक मेंढ्यांच्या प्रदर्शनात मिळालेलं बक्षीस सांगतात.

ते खरंही होतं. डॉक्टरने तिला उन्हाळ्यापुरता शब्द दिला होता. अकुरेरीच्या इस्पितळात जायला तिने साफ नकार दिला. शहरात मेलं की शहरवाले तिथेच कुठेतरी सोय लावतात, असं तिचं म्हणणं. तिला फाटकाची जागा हवी होती, बस. सिग्वातुर तेव्हापासून तिच्याशी बोलेना, पण तो आधीही कोणाशी बोलत नसे, त्यामुळे हे कळायला आम्हाला काही आठवडे लागले.

जुलैत केटिल आपलं यंत्र घेऊन नव्या जागेच्या फाटकाचे खांब रोवायला गेला. पहिल्याच खड्ड्यात घोड्याची कवटी निघाली. मग मानेचे मणके, आणि गंजाने फुगलेला लोखंडाचा एक तुकडा.

केटिलने यंत्र बंद केलं आणि टोपी काढली.

जुन्या काळी, येशूचं नाव या बेटावर पोचायच्या आधी, मोठ्या माणसाला त्याच्या घोड्यासकट पुरत. घोडा सापडला म्हणजे मालक शेजारीच असणार, हे आमच्याकडे शाळा बुडवणारं पोरही सांगेल. आणि लोखंड म्हणजे तलवार, हेही. राजधानीतल्या पुरातत्त्व खात्याला फोन केला. सोल्रून नावाच्या मुलीने सांगितलं, “हात लावू नका, झाकून ठेवा, मी सप्टेंबरात येते.” संध्याकाळपर्यंत त्या मालकाचं नाव ग्रीमुर ठरलं होतं. रविवारपर्यंत तो सरदार झाला. पुढच्या आठवड्यात केटिलच्या घरावर पाटी लागली: ‘सरदार ग्रीमुरच्या समाधीजवळ. नाश्त्यासह.’

खोटं कशाला बोलू, माझीही छाती फुगली. मी लोकांना सांगत सुटलो की हा माणूस मला पहिल्यापासून जाणवत होता.

अडचण एवढीच होती की आता नव्या जागेत पहिला मुक्काम ग्रीमुरचा ठरत होता. हे थुरीदुरला कोणी सांगायचं, यावर समितीत चर्चा झाली आणि चिटणिसाने सांगायचं असं ठरलं.

ती स्वयंपाकघरात क्लाइनुरच्या पीळ दिलेल्या गोड पुऱ्या तळत होती. उभं राहवत नव्हतं म्हणून चुलीशी स्टूल ओढून बसली होती. मी सांगितलं. तिने आधी कढईतला घाणा पूर्ण केला.

“अनुभव काय त्याचा?” ती शेवटी म्हणाली.

“कोणाचा?”

“त्या ग्रीमुरचा. हजार वर्षं तिथे पडलाय. किती लोकांना घेतलंन त्याने आत?”

“कोणी आलंच नव्हतं, थुरीदुर.”

“तेच म्हणते.” तिने झारा खाली ठेवला. “हे बघ, बाळा. मला मूल नाही. पलीकडे माझी वाट बघणारं कोणी नाही. मग मीच बघावी म्हटलं दुसऱ्यांची. ते मला जमतं. रात्री-अपरात्री दारात उभं राहायचं, घाबरलेल्या माणसाला म्हणायचं, ये, काही होत नाही. तेवढंच मला येतं. आता तेही गेलं म्हणायचं.”

मी तीन क्लाइनुर खाल्ल्या. तिने डब्यात घालून आणखी दिल्या.

ऑगस्टमध्ये समितीची बैठक बोलावली. समिती पाच जणांची, पण सगळं खोरं आलं होतं. केटिल उभा राहिला.

“हजार वर्षं इतिहासाने आपल्याकडे ढुंकून पाहिलं नाही! आता पाहिलंय, तर आपण तोंड फिरवायचं? ग्रीमुर हाच नव्या दफनभूमीचा राखणदार, असा ठराव मी मांडतो. पलीकडच्या खोऱ्यात म्हणे खून झाले. पण त्यांच्या दफनभूमीला सरदार राखणदार आहे का?”

“नाही!” मागून कोणीतरी ओरडलं. वातावरण फार चांगलं होतं.

मग सिग्वातुर उठला. आम्हाला वाटलं, हा आता अनुमोदन देणार. थुरीदुरला मिळत नाही म्हटल्यावर त्याला काय दुःख?

“केटिल,” तो म्हणाला, “कोंडवाड्यात मेंढ्या निवडताना एखादी बिनखुणेची निघाली, कानाला कोणाचाच काप नाही, तर ती कोणाची?”

“खोऱ्याची.”

“खोऱ्याची. तिला कोणी हाकलून देत नाही. पण तिच्या गळ्यात घंटा बांधून तिला कळपाच्या पुढे चालवतोस का तू?”

केटिलने नाही म्हणून मान हलवली.

“त्या माणसाच्या कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लागलेलं नाही. बिनखुणेचा आहे. सापडला आपल्याला, आपला झाला, राहू दे. पण त्याला आपली वाट माहीत नाही, आपली माणसं माहीत नाहीत. घंटा थुरीदुरच्या गळ्यात.”

“पण तुलाच तर ती जागा हवी होती!” केटिल म्हणाला.

“मी मागून येईन. डोंगरराजा मागेच असतो. शेवटची मेंढी आली का बघत.”

सिग्वातुर इतकं सलग बोललेलं आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे बैठकीत टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी लोकांनी टेबलं बडवली. सगळे हात वर गेले. केटिलचा शेवटी गेला, पाटी काढावी लागणार नाही ना एवढं विचारून. ठराव मी सरळ लिहिला.

थुरीदुरला सांगायला गेलो तेव्हा ती अंथरुणात होती.

“म्हातारा एवढं बोलला?” तिने विचारलं. “मध्ये पाणीबिणी नाही प्यायला?”

“नाही.”

“मग त्याला सांग, फाटकाशी आला की त्याला थांबवणार नाही. पण बूट पुसून ये म्हणावं.”

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मेंढ्या उतरायच्या आधी, ती गेली. सोल्रूनने फोनवर परवानगी दिली: ग्रीमुरपासून लांबच्या कोपऱ्यात खणा.

तो दिवस मी विसरणार नाही. चर्चमध्ये माणूस मावेना. राजधानीतून आले, नॉर्वेच्या बोटींवरून आले. पाद्रीणबाई म्हणाल्या, “जिने ज्यांना या जगात घेतलं, त्यांनी तिला खांदा द्यावा,” आणि बाक सरकल्याचा असा आवाज झाला की त्या दचकल्या. जवळपास सगळं चर्च उभं होतं. बँकेचा मॅनेजर होता, ट्रकवाले होते, एक खासदार होती. पेटी ओढ्यावरून पलीकडे गेली ती हातोहात. कोणाच्याही वाट्याला चार पावलांपेक्षा जास्त आलं नाही.

नव्या फाटकाशी सिग्वातुर उभा होता. कोंडवाड्याच्या तोंडाशी उभा राहतो तसाच, काठीवर रेलून. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला तो काठी टेकवत होता आणि ओठ हलवत मोजत होता. आकडा त्याने कोणाला सांगितला नाही. सगळे आत गेल्यावर त्याने फाटक लावलं आणि म्हणाला, “कमी कोणी नाही.”

असं खोरं दुसरं नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. पलीकडच्यांनी खुशाल आपले खून मिरवावेत.

महिनाअखेरीस सोल्रून आली. दोन दिवस गुडघ्यांवर बसून तिने ब्रशने माती काढली. कॉफी घेऊन आम्ही सगळे भोवती उभे.

“घोडी आहे,” ती म्हणाली.

“आणि ग्रीमुर?” केटिलने विचारलं.

“माणूस नाही. आजूबाजूलाही बघितलं. हे लोखंड म्हणजे नाल आहे, कारखान्यात केलेली. म्हातारी घोडी असावी कोणाची तरी. मागच्या शतकातली.”

खात्याला त्या हाडांचं काही काम नव्हतं. खड्डा बुजवायचाच होता, म्हणून आम्ही ती परत आत ठेवली. केटिलने पाटीवरची पहिली ओळ रंगवून टाकली; नाश्ता राहू दिला.

त्यानंतर खोऱ्यात मेलेल्यांना त्यांच्या मुलांनी शहरात नेलं. थडग्यांना भेट द्यायला जवळ पडतं म्हणाले, आणि तेही खरंच आहे. सिग्वातुर धडधाकट आहे. विचारलं की म्हणतो, घाई कसली, ती काय बोलेल ते मला इथूनच ऐकू येतं.

नव्या दफनभूमीत सध्या एक बाई आणि एक घोडी आहे.