वॉरंटीच्या अर्जातला चौथा प्रश्न

सायकलची फ्रेम तडकली तेव्हा रेलीन पर्विसला झाला तो आनंद चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. सत्तावन्न वर्षांची बाई, लॉन्सेस्टन गावातल्या सायकलवाल्या बायकांच्या शनिवारच्या ताफ्याची अकरा वर्षं पुढारी, आणि सहा हजार डॉलरची सायकल मोडली म्हणून शेडमध्ये उभी राहून सुटकेचा श्वास सोडते. पण सुटला खरा. येत्या शनिवारी ब्रॉन मॅकिन्टायर दीड वर्षानंतर पहिल्यांदा रस्त्यावर सायकल काढणार होती, आणि मी रेलीनच्याच मागे असेन असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. आता सायकलच नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. सुंठीवाचून खोकला गेला.

कसला जातोय. ब्रॉनला कळल्याबरोबर तिनं परस्पर सायकलच्या दुकानात फोन लावला. तीच फ्रेम, त्याच मापाची, दुकानात शिल्लक होती. वॉरंटी मंजूर झाली तर शुक्रवारपर्यंत सायकल तयार. गुरुवारी ब्रॉनला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं कामही रेलीनचंच होतं. ब्रॉनला सायकल चालवायची परवानगी डॉक्टरांनी दिली होती, गाडी चालवायची अजून नाही. डॉक्टरांचं डोकं डॉक्टरांनाच ठाऊक. तेव्हा दवाखान्यातून परत येताना दोघी सायकल घेऊन दुकानात शिरल्या, आणि रेलीनला ब्रॉन नेमकी तिथेच नको होती.

कारण ती सायकल एकदाही रस्त्यावर गेलेली नव्हती.

ताफ्याची रीत अशी, की चौकात पुढचीनं दोन्हीकडे पाहायचं आणि मोठ्यानं "मोकळं" म्हणायचं. मागच्या बायका मान न वळवता त्या शब्दावर निघतात. दीड वर्षापूर्वी रेल्बियाच्या फाट्यावर रेलीननं पाहिलं, "मोकळं" म्हटलं आणि पार झाली. मागून आली ब्रॉन, आणि डावीकडून आली पिकअप. ब्रॉनचा खुबा गेला, चार बरगड्या गेल्या, आठ महिने बिछान्यात गेले. रेलीनला ओरखडाही आला नाही, आणि हेच तिला सोसवत नव्हतं. तिनं जुनी सायकल विकली, लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून ही नवी घेतली, आणि शेडमधल्या ट्रेनरला जखडून टाकली. मागचं चाक काढायचं, फ्रेम यंत्रावर घट्ट बसवायची आणि भिंतीकडे बघत जागच्या जागी पॅडल मारायचे, रोज दीड तास. शनिवारी सायकल गाडीच्या पाठीवर टांगून कॉफीला जायचं आणि सांगायचं, पहाटेच एकटी फिरून आले. तिच्यावर शंका घेणार कोण?

दुकानदार डेमो पेट्राकिसनं सायकल स्टँडला अडकवली आणि तडा पाहिला. मागच्या चाकाचा आस बसतो तिथूनच तो निघाला होता, बोटभर लांब.

"पडली होतीस?" त्यानं विचारलं.

"नाही. पुसताना दिसला."

"बरी दिसली. रस्त्यावर सुटली असती तर आत्ता तू माझ्याकडे नसतीस, दंतवैद्याकडे असतीस."

"तिला काही होत नाही रे," ब्रॉन काठी टेकत स्टुलावर बसली. "हिवाळ्यात पहाटे पाचला रस्त्यावर कोण असतं? दुधाचे टँकर आणि आमची रेलीन."

रेलीन हसली. हसायला हवं होतं म्हणून. काल अख्खी दुपार ती दाताच्या ब्रशनं त्या सायकलीवरचा घामाचा क्षार खरवडत होती. वारा नसलेल्या शेडमध्ये घाम उडत नाही, सायकलीवरच ठिबकतो आणि वाळून पांढरा होतो. सगळं चकाचक केलं होतं, पण चोराच्या मनात चांदणं. डेमोचा हात जिथे जाईल तिथे तिचे डोळे जात होते.

त्यानं चेनवर मापाची पट्टी ठेवली. पट्टी सरळ आत गेली.

"चेन झिजून पार संपलीय."

"संपणारच," ब्रॉन म्हणाली. "जरा फिरते का ती?"

डेमोनं मागचं चाक हातानं फिरवलं, मग थांबवलं आणि टायरवरून अंगठा नेला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. पाच-दहा किलोमीटर गेले की झडतात. या टायरला ते सगळे होते, जावळ न काढलेल्या पोरासारखे. रेलीननं क्षाराचा विचार केला, टायरचा केलाच नव्हता.

"टायर नवे?" डेमोनं विचारलं. त्यानं मान वर केली नाही.

"हिवाळ्यासाठी घातले असतील," उत्तर ब्रॉननंच दिलं. "नाही गं?"

मैत्रीण तुमच्या वतीनं खोटं बोलते आणि तिला ते खोटं आहे हेच ठाऊक नसतं, यासारखा तोंड दाबून बुक्क्यांचा मार नाही.

डेमो हँडलकडे गेला. हँडलला गुंडाळलेल्या पट्टीचं टोक त्यानं नखानं उचकटलं. आत क्षाराचा पांढरा थर होता, आणि त्याखाली धातूला भोकं पडली होती. त्यानं पट्टी पुन्हा हळूच दाबून बसवली. म्हणजे त्याला कळलं होतं. रेलीनकडे त्यानं एकदाच पाहिलं, रागानं नाही, आणि मग तो संगणकाशी जाऊन बसला.

"अर्ज भरू या," तो म्हणाला. "मालकीण तूच, पहिली. खरेदी तेरा महिन्यांपूर्वी. अपघात नाही. चौथा प्रश्न." त्यानं वाचून दाखवलं. "सायकल घरातल्या ट्रेनरवर कधी वापरली आहे का?"

ब्रॉन खदखदून हसली. "रेलीन आणि ट्रेनर? अरे, भिंतीकडे बघत पॅडल मारायचे झाले तर ती भिंत फोडून बाहेर जाईल. नाही लिही."

डेमोची बोटं कीबोर्डच्या कळांवरच थांबली. "मालकिणीनं सांगायचं असतं."

दुकानात हीटर घरघरत होता. रेलीनला वाटलं, "नाही" म्हणावं. दोन अक्षरं तर आहेत. पण "नाही" म्हटलं आणि फ्रेम मिळाली तर शनिवारी रस्ता. "हो" म्हटलं तर फ्रेम गेली, शनिवार टळला, पण समोर ब्रॉन बसलेली. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर ब्रॉनच उभी.

"एक सांगतो," डेमो संगणकाकडेच बघत म्हणाला. "पुष्कळ लोकांना वाटतं ट्रेनरचं नाव काढलं की वॉरंटी बुडाली. आधी बुडायची. या मॉडेलला तसं नाही. ट्रेनरवर तडकली तरी फ्रेम बदलून देतात, नियमात लिहिलंय. बुडते कशानं? खोटं लिहिल्यानं. फोटो कंपनीकडे, मेलबर्नला जातात, चेनचे, टायरचे, सगळ्याचे. तिथली माणसं दिवसभर हेच बघतात. आणि खाली सही माझी असते, दुकान माझं असतं." तो थांबला. "ताकाला येऊन भांडं कशाला लपवायचं, एवढंच म्हणतो."

"तू हे आम्हाला का सांगतोयस?" ब्रॉनचं हसू आता अर्धवट राहिलं होतं.

रेलीनला स्वतःची कीव आली. तेरा महिने एक गोष्ट लपवायची, आणि ती सांगितल्यानं काही बिघडणारच नव्हतं असं कळायचं, तेही सायकलवाल्याकडून. आता "नाही" म्हणण्यात एकच फायदा उरला होता, फ्रेम न मिळण्याचा. म्हणजे भीतीसाठी खोटं बोलायचं आणि वर डेमोच्या दुकानाला काळं फासायचं.

"हो लिही," ती म्हणाली. "ट्रेनरवरच वापरली. फक्त ट्रेनरवर."

कळांचा आवाज झाला आणि थांबला.

"फक्त म्हणजे?" ब्रॉननं विचारलं.

"म्हणजे ही सायकल रस्त्यावर कधी गेलीच नाही. मीही गेले नाही. तुझ्या अपघातानंतर एकदाही नाही."

"आणि पहाटेचं फिरणं?"

"शेडमध्ये."

डेमो उठला. "मेलबर्नला फोन लावतो," असं म्हणून मागच्या खोलीत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

ब्रॉनचा चेहरा लाल झाला होता. "त्या दवाखान्यात मी दात-ओठ खाऊन पाय उचलायचे तेव्हा डोळ्यांसमोर काय असायचं माहितीये? तू. पुढे चाललेली. तिच्या मागे जाऊन लागायचंय, असं मी रोज स्वतःला सांगत होते. आणि तू शेडमध्ये बसली होतीस?"

"मी 'मोकळं' म्हणाले, ब्रॉन. आणि नव्हतं मोकळं. मी तुला त्या पिकअपखाली घातलं. आता कुणी माझ्या मागे असेल आणि माझ्या शब्दावर निघेल, हे माझ्याच्यानं होत नाही. तो शब्दच तोंडातून निघत नाही."

एवढं बोलून तिला हलकं वाटलं. ब्रॉन चिडेल, रडेल, मग मिठी मारेल, असं तिनं गृहीत धरलं होतं. पण ब्रॉनचा राग ओसरून गेला आणि तिथे दुसरंच काही आलं. ती काठीच्या मुठीकडे बघत राहिली.

"मी पाहिलं होतं," ब्रॉन म्हणाली.

"काय?"

"पिकअप. तू पार झालीस तेव्हा मी बरीच मागे पडले होते. तू म्हणालीस तेव्हा मोकळंच होतं. मी मान वळवली आणि ती मला दिसली. थांबले असते तर तुम्ही सगळ्या निघून गेला असता, मला पुन्हा गाठता आलं नसतं. वाटलं, निसटेन."

रेलीनला शब्द ऐकू येत होते, पण ते आत जायला वेळ लागला.

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"शुद्धीवर आले तेव्हा सगळ्या बोलतच होत्या, की रेलीन चुकली. मी गप्प बसले. मग तू यायला लागलीस. दर गुरुवारी, सूप घेऊन, पाऊस असो नसो. नवरा असून डग्लस तर महिन्याभरात बहिणीकडे निघून गेला, तू येत राहिलीस." तिनं मान वर केली. "सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"

आले असते, असं म्हणायला रेलीननं तोंड उघडलं. पण खोटं बोलणं आता पुरे झालं होतं. मैत्रीण म्हणून आली असती, कधीमधी, सवड काढून. दर गुरुवारी नाही. तिला आपल्या शेडमधली ती भिंत आठवली, रोज दीड तास पाहिलेली, आणि अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्ष जे ओझं तिनं वाहिलं ते तिचं नव्हतंच, आणि ज्या बाईचं होतं ती दर गुरुवारी रेलीनचंच सूप पीत होती.

दार उघडून डेमो आला. दोघींची तोंडं बघून तो चाचरला. "मंजूर झालं. उद्या संध्याकाळी पाचला घेऊन जा. जोडून ठेवतो."

"येते पाचला," रेलीन म्हणाली आणि तिनं अर्जावर सही केली.

"म्हणजे शनिवारी..." ब्रॉननं हळूच विचारलं.

"शनिवारी मी रस्त्यावर असेन. एकटी."

"आणि गुरुवारी?"

रेलीननं गाडीची किल्ली काढली. ब्रॉनला घरी तर सोडायचंच होतं. बाहेर थंडी होती आणि दुसरं कोण नेणार? तिनं गाडीचं दार उघडून धरलं. ब्रॉन काठीवर भार देत एक पाय आत टाकू लागली, अडखळली, आणि सवयीनं तिनं आधारासाठी रेलीनकडे हात पुढे केला. रेलीन दार धरून उभी राहिली. ब्रॉनला छपराची कड पकडून आपली आपणच बसायला बराच वेळ लागला.