मोठ्या तुकड्याचा मान

मी एक जुना, काळा, मातीचा वाडगा आहे, आणि मित्रांनो, मला गप्प बसवत नाही. भांड्याने ठेवले तिथे बसावे, असे म्हणतात. मी बसलोही. पण आतून किती वर्षे स्वस्थ नव्हतो, ते माझे मला ठाऊक.

कुमासी शहराच्या कडेला कुंभारणींची वस्ती आहे. तिथल्या एका कुंभारणीने मला घडवले. पाट्याला टाकी लावतात तशा माझ्या पोटात बारीक रेघा ओढल्या, पाल्याच्या धुरात काळे केले आणि बाजारात पाठवले. माझ्यात मिरची-टोमॅटो रगडायचे आणि माझ्यातच जेवायचेही. दोन कामे, पगार एकही नाही! मला बिरागोबाईंनी घेतले. त्यांनी टिचकी मारून मला तीनदा वाजवून पाहिले आणि कुंभारणीला म्हणाल्या, "आवाज खणखणीत आहे. माझ्यासारखाच."

बिरागोबाईंची ट्रकच्या अड्ड्याजवळ फुफूची खाणावळ होती. उकडलेला कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, आणि कच्ची केळी उखळात कुटून लुसलुशीत गोळा करायचा, तो वाडग्यात ठेवायचा, वर झणझणीत रस्सा ओतायचा, आणि उजव्या हाताने खायचे. कुटणारा मुसळ मारी आणि दोन घावांच्या मध्ये बिरागोबाई हाताने गोळा उलटत. त्यांचे बोट एकदाही मुसळाखाली आले नव्हते.

"आई, तुमच्या हाताला डोळे आहेत का हो?" एक ड्रायव्हर नेहमी विचारायचा.

"आहेत ना. म्हणून तर तू मांसाचे दोन तुकडे उचललेस ते दिसलं. ठेव एक खाली!"

सगळी खाणावळ हसायची. मीही हसलो असतो, पण माझे तोंड कायम रश्श्याने भरलेले.

आमच्याकडे एक रीत आहे. रश्श्यातला मांसाचा मोठा तुकडा घरातल्या वडीलधाऱ्याचा. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही आणि कुणी मोडतही नाही. नवरा गेल्यावर तो मान बिरागोबाईंकडे आला आणि तो तुकडा रोज दुपारी माझ्यात पडू लागला. मला त्याचा भारी अभिमान होता. पुढे त्याच अभिमानाची मला लाज वाटली.

मग एका वर्षी मी वाजू लागलो. बिरागोबाई मला धरून जेवायला बसल्या की टेबलावर माझा टक टक टक आवाज व्हायचा. त्यांचा हात थरथरत होता. आधी त्यांनी ते हसण्यावारी नेले. "हात ढोल वाजवतोय, नाचा तुम्ही," म्हणायच्या. पण एका सकाळी हात मागे घ्यायला अर्धा क्षण उशीर झाला आणि मुसळ बोटावर बसले. त्या दिवशी खाणावळ मिटली, ती पुन्हा उघडली नाही.

शेजारपाजारचे म्हणाले, करणी आहे. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन आहे. मेंदूत तयार होणारा एक रस आटत चालला आहे, म्हणून हात कापतो, पाय जमिनीला चिकटतात. आजार जाणार नाही, पण गोळ्यांनी चालतेफिरते राहता येईल. गोळ्या दिवसातून तीनदा, आणि जन्मभर. मुलगी फ्रेमा शिवणकाम करायची. तपासण्यांपायी तिचे शिलाई मशीन गेले आणि आईला सांभाळण्यापायी उरलेले गिऱ्हाईकही गेले. मुलगा बोआदू टेमा बंदरात क्रेन चालवायचा. तो दर महिन्याला गोळ्यांचे पैसे पाठवायचा, आणि दर आठवड्याला बसच्या ड्रायव्हरबरोबर बकऱ्याच्या मांसाचे, धुरी दिलेल्या माशांचे गाठोडेही. आईच्या अंगात ताकद यावी म्हणून, मित्रांनो. मायेपोटी.

आता माझ्या बेचैनीचे कारण ऐका. सकाळी फ्रेमा माझ्यात मक्याची आंबील ओतायची आणि आईला गोळी द्यायची. थोड्या वेळाने मी शांत व्हायचो. बिरागोबाई स्वतः केस विंचरायच्या, कधी माझ्यात मिरचीही रगडायच्या. दुपारी फुफू, रस्सा, तो मोठा तुकडा आणि गोळी. आणि मी संध्याकाळपर्यंत वाजत राहायचो. आंबील असली की शांत, तुकडा असला की टक टक टक. रोज! मला कारण कळत नव्हते, पण काहीतरी आहे एवढे दिसत होते. आणि मी सांगणार कसे? वाडग्याला तोंड असते, जीभ नसते.

फ्रेमाला वाटले, ताकद कमी पडते म्हणून गोळी लागू पडत नाही. तिने तुकडा आणखी मोठा केला. अति तिथे माती म्हणतात. इथे मातीतच अति चालले होते. आणि माझा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून तिने माझ्याखाली चौघडी घातलेले फडके ठेवले. मी वाजायचो तेवढाच, पण ऐकू कुणालाच जायचे नाही. त्या फडक्यावर मला कोण चीड यायची!

बिरागोबाईंनी एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. "फ्रेमा, मला चमच्याने भरवायचं नाही. ज्या दिवशी भरवशील त्या दिवशी मी खाणं सोडीन."

पण दुपारचा घास आता तोंडापर्यंत पोचेना. गोळीचे भाव चढले. ती गोळी आमच्या भागात मिळायचीच नाही; शहरात जावे, तर कधी असे, कधी नसे. शेवटी बोआदूचा फोन आला. आम्ही सगळ्यांनीच तो ऐकला, कारण बोआदू बंदरातल्या सवयीने ओरडूनच बोलतो.

"फ्रेमा, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. किती पैसे घालायचे? शनिवारी येतो. आईला प्रार्थनेच्या छावणीत नेऊ. तिथे गोळ्या चालत नाहीत, उपास करवून आजार काढतात."

"दादा, सकाळी तर बरी असते रे ती."

"आणि दुपारी? दुपारी ती माझी आई नसते का?"

फ्रेमाने फोन खाली ठेवला. उत्तर माझ्याकडे होते, आणि मी मोरीत उपडा पडलो होतो.

शनिवार उजाडला. त्या आठवड्यात फ्रेमाने स्वयंपाकाचे पैसे गोळ्यांत घातले होते. बोआदू स्वतःच येणार म्हणून गाठोडेही आले नव्हते. दुपारी तिने वांगी आणि पाल्याचा नुसता रस्सा केला. पाहुणा येणार म्हणून सगळी फडकी धुऊन दोरीवर टाकली होती, माझे सुद्धा. तिने मला उघड्या टेबलावर ठेवले आणि मान खाली घातली.

"आई, आज तुकडा नाही गं."

बिरागोबाईंनी माझ्यात डोकावून पाहिले. "म्हणजे आज मी घरातली वडीलधारी नाही तर."

फ्रेमा रडू लागली. बिरागोबाईंनी गोळी घेतली आणि हळूहळू जेवायला सुरुवात केली. पहिले काही घास मी वाजलो. नंतर मी वाट पाहत राहिलो, आणि वाजलोच नाही! एवढ्यात बोआदू दारात उभा राहिला. त्याने बॅग खाली ठेवायच्या आधी माझ्यात पाहिले.

"हे काय? आईच्या रश्श्यात काहीच नाही? मी काय इथे माझ्या आईला पाल्याचं पाणी पाजायला पैसे पाठवतो?"

"दादा, ऐक तरी!"

"काय ऐकू? लोक काय म्हणतील? आईला असं वाढतात?"

"बोआदू," बिरागोबाई म्हणाल्या, "ओरडू नको. ऐक."

"काय?"

"तेच. काही ऐकू येतंय का?"

बोआदू गोंधळला. अंगणात कोंबडी खुडबुडत होती, बाकी काही नाही. बिरागोबाईंचा हात माझ्या काठावर होता. मला घेताना ज्या कानांनी पारखले होते, त्याच कानांनी त्यांनी मला पुन्हा ओळखले.

"वाडगा वाजत नाही," त्या म्हणाल्या. "दुपार आहे, आणि वाडगा वाजत नाही." मग उरलेला गोळा त्यांनी स्वतःच्या हाताने संपवला, उठल्या, आणि दोरीपर्यंत चालत जाऊन फडके काढून आणले. पाय कुठेच चिकटले नाहीत. बोआदू आ वासून पाहत राहिला.

फ्रेमाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. "दादा, सकाळीही तुकडा नसतो."

सोमवारी तिघे दवाखान्यात गेले. पुरावा म्हणून बिरागोबाईंनी मलाही पिशवीत घातले. तिथल्या सिस्टर डान्सोंनी सगळे ऐकून कपाळाला हात लावला.

"गोळी आणि मांस-मासे, दोघांनाही आतड्यातल्या एकाच दारातून रक्तात जायचं असतं. मांस आडदांड, आधी घुसतं. गोळी बाहेर ताटकळते. हे आम्हीच तुम्हाला सांगायला हवं होतं. गोळी जेवणाआधी द्या, मांस-मासे रात्रीच्या जेवणात. पण ते बंद करू नका हं, आणि गोळीही मनाने कमीजास्त करू नका."

बोआदू म्हणाला, "म्हणजे मी एका हाताने गोळी पाठवत होतो आणि दुसऱ्या हाताने तीच अडवत होतो."

"दोन्ही हात माझ्यासाठीच होते ना?" बिरागोबाई म्हणाल्या. "चल."

छावणीचे नाव पुन्हा निघाले नाही. आजार मात्र गेला नाही, मित्रांनो, खोटे कशाला सांगू? गोळ्या अजून महाग आहेत. पण आता एकही वाया जात नाही.

तरी रीत उरलीच होती. पुढच्या खेपेला बोआदू आला तेव्हा दुपारी जेवायला दोन मामाही होते. बिरागोबाईंच्या रश्श्यात तुकडा नाही हे पाहून मामांचे हात थांबले. फ्रेमाने घाबरून मोठा तुकडा आणून माझ्यात ठेवला.

बिरागोबाईंनी तो उचलला. सगळ्यांना दिसेल असा वर धरला. हात स्थिर होता.

"मोठा तुकडा माझ्या मानाचा, खरं ना?"

"खरं," मामा म्हणाले.

"मग कुणी खायचा ते मीच ठरवणार." आणि तो त्यांनी बोआदूच्या वाडग्यात टाकला. "खा. माझी दुपार तू परत आणलीस."

"मी नाही आई. फ्रेमानं."

"तिला अर्धा दे मग. मीच सांगायचं का सगळं?"

डोळे पुसत बोआदू मिरचीला दोष देत होता.

आता माझ्या काठाला चीर गेली आहे, पोटातल्या रेघा झिजल्या आहेत. गोळीची वेळ टळली की मी अजून वाजतो, आणि फ्रेमा लगेच घड्याळ पाहते. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा हात थरथरत असेल, पेला सांडत असेल, ताट वाजत असेल. माया करा, पण आंधळी करू नका. केव्हा वाजते, केव्हा थांबते ते पाहा, आणि जाणत्याला विचारा. त्या आवाजाची लाज धरून खाली फडके मात्र घालू नका. आधी ऐका.